पहिल्या पंगतीचा माणूस

आमच्या ह्यांना निवृत्तीनंतर काही ना काही लागणार, हे मी धरूनच चालले होते. कुणाला बागेचं वेड लागतं, कुणाला भजनी मंडळाचं, कुणी नुसते पारावर बसून सरकार पाडतात आणि उभं करतात. ह्यांना हिब्रू लागली. तीही सावळखेडमध्ये, जिथं इंग्रजीचा तास सुरू झाला की पोरं कुंपणावरून उड्या टाकून बोरं खायला पळायची. तिथं हा माणूस ओट्यावर बसून उजवीकडून डावीकडे काहीतरी वाचतो आणि घसा खाकरल्यासारखे आवाज काढतो. शेजारच्या कोकिळेनं मला हळूच विचारलंही, "काकू, गुरुजीची तब्येत बरी हाय ना?"

हे म्हणजे लक्ष्मीकांत पुराणिक, मूळचे मेहकरचे. पिंपळगाव राजावरून आत एक रस्ता फुटतो, त्या रस्त्याच्या शेवटी सावळखेड. तिथल्या शाळेत मराठी शिकवायला आले ते तरुणपणी, दोन वर्षांत बदली करून घेऊ असं मला सांगून. मी अकोल्याची, शहरातली. दोन वर्षं म्हणता म्हणता तीसच्या वर गेली. शाळेमागं लहानसं घर बांधलं, शंतनु इथंच वाढला आणि शिकून पुण्याला गेला. अर्ध्या गावाला ह्यांनी बाराखडी शिकवली. काही घरांत तर बापालाही ह्यांनी शिकवलं आणि मुलालाही.

चौकस स्वभाव जन्माचा. एखादा शब्द अडला की जेवणावरून उठतील. लग्नात माझ्या मामांनी 'वरमाई' म्हटलं, तर बोहल्यावर उभं राहून ह्यांनी 'माई' कुठून आलं ते सांगायला घेतलं होतं. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

हिब्रूचं खूळ आलं शिरसाट सरांकडून. यशवंत शिरसाट हे ह्यांचे जुने सहकारी, खामगावला असतात, ख्रिस्ती आहेत. दर नाताळात करंज्या आणि केक घेऊन येतात. त्या वर्षी आले तेव्हा बोलता बोलता त्यांनी आपल्या शास्त्रातलं काही वाचून दाखवलं. परक्या माणसाशी कसं वागावं, असा भाग होता. ह्यांनी मध्येच हात वर केला. म्हणाले, "थांबा. इथं 'परका' म्हणता, खाली 'उपरी' म्हणता. मूळ शब्द एकच आहे की दोन?"

शिरसाट सर हसले. म्हणाले, "पुराणिक, एवढं आमच्या पाळकांनाही कुणी विचारलं नसेल." पण पुढच्या खेपेला त्यांनी एक जाडजूड ग्रंथ आणून दिला. त्यांच्या शास्त्राचा जुना भाग, वर मूळ हिब्रू, खाली शब्दाला शब्द अर्थ. झालं. माझा नवरा त्या ग्रंथात गेला तो गेला.

तेव्हा घरात दुसरंच काही शिजत होतं. शंतनुनं पुण्यात मोठा फ्लॅट घेतला होता आणि आम्हा दोघांना कायमचं बोलावत होता. इथलं घर विकून टाका म्हणत होता. मी तयार होते, खोटं कशाला बोलू. गुडघे दुखतात, दवाखान्याला खामगाव गाठावं लागतं, आणि नातीला, ओवीला, मी फोनवरच मोठी होताना बघत होते. हे मात्र हो म्हणत नव्हते. फोनवर एकदा शंतनु वैतागून म्हणाला, "बाबा, शेत नाही, भाऊबंद नाहीत. तुम्ही त्या गावाचे कोण आहात?"

ह्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि उठून गेले. संध्याकाळी म्हणाले, "उत्तर सापडेपर्यंत थांब. हनुमान जयंतीपर्यंत. नाही सापडलं तर घर विकू." मी म्हटलं ठीक आहे. माणूस शब्दाचा पक्का आहे, त्यामुळे मी भांड्यांची बांधाबांध मनातल्या मनात सुरूही केली.

त्यानंतर रोज दुपारी मला एकेक शब्द ऐकावा लागला. मी गहू निवडत बसायची आणि हे समोर. परक्याला त्या भाषेत एकच शब्द नाही म्हणे. एक आहे नोखरी. म्हणजे बाहेरून येणारा आणि जाणारा. "हे आपल्याकडे पंजाबातून हार्वेस्टर घेऊन येतात ना, ते नोखरी. पीक तयार झालं की येतात, कापतात, मजुरी घेतात, पुढच्या गावाला जातात. त्यांच्याशी आपला व्यवहार. नातं नाही." त्याच्या उलट एझराह. म्हणजे ज्या मातीत उगवला तिथंच वाढलेला, आपल्या जागेवरच्या झाडासारखा. "आपले उत्तमराव, पिढ्यान्पिढ्या इथल्याच शिवारातले." आणि ह्या दोघांच्या मधला तिसरा, तो गेर. बाहेरून आला आणि राहिला. जमीन त्याची नाही, कूळ तिथलं नाही, पण दार तिथं आहे. आपल्याकडे जुन्या काळी वतनदार कुणब्याला मिरासदार म्हणत आणि बाहेरून येऊन कसणाऱ्याला उपरी, तसंच ते.

"म्हणजे आपण उपरे," मी म्हटलं. "हे सांगायला हिब्रू कशाला लागते? मी पहिल्या वर्षीच सांगितलं होतं."

"अगं, पण गेरचा एझराह किती वर्षांनी होतो, ते शोधतोय."

ते काही सापडेना. सापडलं ते भलतंच. ज्यू लोकांचा मूळपुरुष अब्राहाम, तो कितीतरी वर्षं त्या देशात राहिला, गुरंढोरं, नोकरचाकर, सगळं झालं. आणि बायको वारली तेव्हा तिला पुरायला त्याच्याकडे हातभर जमीन नव्हती. गावकऱ्यांपुढं उभं राहून म्हणाला, मी तुमच्यातला गेर, मला जागा द्या. हे सांगताना ह्यांचा आवाज जरा ओला झाला. मी म्हटलं, "माझं मरण कशाला आणता मध्ये? मी धडधाकट आहे." पण त्या रात्री अब्राहामची बायको माझ्याही डोक्यातून जाईना.

मग होळीच्या सुमारास एक दिवस हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "सुलभा, हनुमान जयंतीच्या भंडाऱ्याला आपण कितव्या पंगतीत बसतो?"

"पहिल्या. दरवर्षी."

"आणि उत्तमराव?"

"ते शेवटच्या. घरचे लोक ते," म्हणता म्हणता मी थांबले.

आमच्याकडचा भंडारा रोडग्यांचा. गावातल्या घराघरांतून गहू गोळा होतो, एकत्र दळला जातो, त्याचे रोडगे थापून गोवऱ्यांच्या विस्तवात भाजतात, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. पहिली पंगत पाहुण्यांची, जावयांची, परगावच्या लोकांची. मग बायापोरं. आणि ज्यांच्या घरचा गहू, ती माणसं दिवसभर वाढतात आणि शेवटी उरलंसुरलं खातात. तोवर भाजीत रस्साच उरलेला असतो, वांगी गेलेली असतात. आम्ही मात्र इतकी वर्षं पहिल्या पंगतीत, पाटावर, तुपाची धार हात आडवा करेपर्यंत. त्यातून आम्ही ब्राह्मण, म्हणजे मानाची दुप्पट पंचाईत. मला त्या मानाचा अभिमान होता, अकोल्याला भावांना सांगायचे मी. आणि गव्हाची ट्रॉली आमच्या दारावरून न थांबता जायची, त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. गुरुजींकडून कसं घ्यायचं, म्हणायचे लोक, आणि आम्ही हसायचो.

"मी चुकीचं शोधत होतो," हे म्हणाले. "त्या शास्त्रात गेरला द्यायला सांगितलंय, त्याच्यावर माया करायला सांगितलंय, ते सगळे वाचतात. पण आणखी एक आहे. तुमच्यात राहणाऱ्या गेरला अर्पण करायचं असेल तर त्याचंही तुमच्यासारखंच घ्या. तुम्हाला एक नियम, त्याला तोच. गावानं आपल्याला भरपूर दिलं गं. आपलं कधी घेतलं नाही."

मला एकदम फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून ह्यांचा रागही आला.

हे उत्तमरावांकडे गेले, मीही गेले. उत्तमराव म्हणजे भंडाऱ्याचे कर्तेधर्ते, मोठे शेतकरी, बोलायला सावकाश. त्यांचा मुलगा गोपाल ह्यांच्याच हाताखाली शिकलेला. चहा झाला. ह्यांनी सांगितलं, यंदा आमच्याकडून गहू घ्या.

उत्तमरावांनी कप खाली ठेवला. "गुरुजी, आमच्याकून काही कमी पडलं काय?"

"कमी नाही, जास्त झालं. मान जास्त झाला."

"पाव्हण्याकून गहू घेतला तं लोक मले काय म्हणतीन?"

"तेच तर. पाहुणा किती वर्षं असतो हो माणूस?"

उत्तमरावांनी मिशीवरून हात फिरवला. ह्यांनी गेर, नोखरी सगळं सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकूनही घेतलं, ज्यू लोक कुठचे, तिकडं गहू पिकतो काय, असं विचारलंही. मग म्हणाले, "घ्याले माही ना नाई. पण रीत अशी हाय का दाना याच शिवारातला पाह्यजे. मारुतीले बाजारचा गहू चालत नाई. तुमी तं पिंपळगावच्या बाजारातून आनता."

"मग तुमच्याच शेतातला विकत घेतो."

"मंग तो माहाच झाला ना गुरुजी. तुमचा कसा होईन?"

बोलणं बरोबर होतं. आम्ही परत आलो. वाटेतच मला पुण्याच्या घरातली आमची खोली डोळ्यांपुढं दिसायला लागली. आनंद व्हायला हवा होता, तो काही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे पिशवी घेऊन गायब. टोपी खुंटीवर, रक्तदाबाची गोळी ताटलीत. मी शोधत निघाले, तर कोकिळेच्या पोरानं सांगितलं, गुरुजी उत्तमरावांच्या मळ्याकडं गेले. आदल्या दिवशीच तिथला गहू हार्वेस्टरनं कापला होता. मी पोचले तेव्हा हे रानात वाकून लोंब्या वेचत होते. सरवा. कापणीनंतर रानात सांडलेलं वेचायचं, हे आमच्याकडे गरिबाघरच्या बायकांचं काम. कोकिळा आणि चार जणी पदर खोचून बाजूला उभ्या होत्या. त्यांना हसावं की काय करावं कळत नव्हतं.

"अहो, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं.

हे वाकलेलेच. "त्या शास्त्रात नियम आहे, शेताचे कोपरे कापू नका, सांडलेलं उचलू नका, ते विधवेचं, पोरक्याचं आणि गेरचं. सरवा शेतमालकाचा नसतो, सुलभा. जो वेचेल त्याचा. आपल्याकडेही तेच. म्हणजे हा शिवारातलाही आणि माझाही."

"गुरुजी," कोकिळा पुढं आली. एरवी मऊ बोलणारी बाई, पण आवाज कोरडा होता. "तुमचं पुस्तक बरोबर अशीन. पन ह्या दान्यावर आमचे दोन महिने निंघतात. तुमाले पेन्शन हाय."

हे ताठ उभे राहिले. मला वाटलं, संपलं. ह्यांचा चेहरा वर्गात उत्तर चुकलेल्या पोरासारखा झाला होता. पिशवीतल्या लोंब्या त्यांनी कोकिळेच्या पाटीत ओतल्या आणि म्हणाले, "चुकलं माझं. हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

ते वळले तशी कोकिळाच म्हणाली, "थांबा ना. कायले पाह्यजे तुमाले?"

ह्यांनी सांगितलं. गेर वगैरे नाही, साधं सांगितलं. भंडाऱ्यात घालायला पाहिजे, एक पायली.

कोकिळेनं बायकांकडे पाहिलं. मग बांधाकडे हात लांब केला. "त्या धुऱ्याच्या कोपऱ्यात मशीन फिरत नाई. उभा गहू राह्यला हाय तिथं. बाभळीचे काटे हायेत म्हून आमी जात नाई. तो तुमी घ्या. सांडलेलं आमाले ठेवा."

शास्त्रातला कोपरा, मशीनला न वळता आलेला कोपरा, ह्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी काय सांगू. मी मात्र बघत होते ते त्यांची पाठ. साठी ओलांडलेला माणूस, खडूशिवाय हातात काही न धरलेला, काट्यांत शिरून एकेक लोंबी मोडतोय. बोटातून रक्त आलं तर धोतराला पुसतोय. मला रडू आलं. गाव आपलं म्हणावं एवढ्यासाठी हे सगळं चाललं होतं आणि मी मनातल्या मनात भांडी बांधत बसले होते. मी पदर खोचला आणि काट्यांत शिरले. गुडघ्यांनी काय ती बोंब मारली.

घरी आणून मोगरीनं बडवला, सुपात पाखडला. पायलीला थोडा कमीच भरला.

ट्रॉली आली तेव्हा हे पितळी डब्यात गहू घेऊन दारात उभे. भोंग्यावर हनुमानाची आरती, गोपाल ट्रॅक्टरवर, उत्तमराव मागं पोत्यांशी. ट्रॅक्टर सवयीनं आमच्या दारावरून पुढं गेला. हे तसेच उभे राहिले, हाकही मारली नाही. मीच ओरडले, "गोपाल, थांब."

उत्तमराव उतरून आले. "कोनत्या शेतातला, गुरुजी?"

"तुमच्या."

"म्या तं देल्ला नाई."

समोरच्या ओट्यावरून कोकिळा म्हणाली, "कोपऱ्याचा हाय, भाऊ. माह्या डोयापुढं येचला दोघायनं. काटे पाहा त्याईच्या हाताले."

उत्तमरावांनी ह्यांचे हात पाहिले नाहीत, डब्यात हात घातला. मूठभर गहू तळहातावर घेऊन पसरला. खडे होते, माती होती. आता काय म्हणतील, माझा जीव टांगणीला लागला.

"निवडला नाई बराबर," ते म्हणाले आणि डबा पोत्यात उलटा केला. मग गोपालला म्हणाले, "चाल रे, पुढचं घर."

भंडाऱ्याच्या दिवशी पारासमोर मांडव. पहिल्या पंगतीचे पाट पडले आणि वाढणारी पोरं सवयीनं धावत आली, "गुरुजी, काकू, चला, बसा." हे माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात भट्टीकडून उत्तमरावांचा आवाज आला, "त्याईले काय बसोतं बे? गहू टाकला त्याईनं. वरनाची बालटी दे गुरुजीले."

मग काय विचारता. हे वरण वाढत सुटले, अर्धं पानात, अर्धं पाहुण्यांच्या धोतरावर. मी वांग्याच्या पातेल्याशी. दुपार कलली. पंगतीमागून पंगत उठत होती. पाय सुजले, पोटात आग पडली, पण जेवा म्हणून कुणी विचारेना. दोन पोरं माझ्या समोरून गेली, म्हटलं आता म्हणतील, पण ती बादली घेऊन पुढं गेली. मला राग यायला लागला होता, खरंच. एवढ्यात कोकिळेनं हौदाकडून हाक मारली, "ओ काकू, उभ्या काय राह्यल्या? पराती कोन घासन?"

मी हौदावर गेले. हाताला राख लागली होती तेव्हाच फोन वाजला. शंतनु होता. म्हणाला, "आई, आज हनुमान जयंती. बाबांनी आजपर्यंतच वेळ मागितला होता ना? घराचं काय ठरलं? जेवलात का तुम्ही?"

"अजून नाही रे. आमची शेवटची पंगत आहे."

"म्हणजे? उपाशी ठेवलं तुम्हाला? आई, गाडी पाठवू का उद्याच?"

पलीकडं हे रिकामी बादली घेऊन भट्टीकडं निघाले होते, आणि उत्तमराव ह्यांना सगळ्यांदेखत रागावत होते, वरण एवढं पातळ काऊन वाढून राह्यले म्हणून. हे मान खाली घालून ऐकत होते.

"गाडी नको," मी म्हटलं. "येऊ आम्ही. दिवाळीत येऊ आठ दिवस, पाहुणे म्हणून. आता ठेव, पराती पडल्यात."